इन्व्हर्टर घ्यायच्या आधी उलटा प्रश्न विचारणारं भुसावळचं दुकान

हा रिव्ह्यू लांबणार आहे हे आधीच सांगतो, कारण दुकान भुसावळात आहे आणि माझा इन्व्हर्टर जळाला तो झांबियात, दोन्हीकडचं सांगितल्याशिवाय दुकानदार काकांनी नेमकं काय काम केलं ते समजणार नाही. दुकान जामनेर रोडला आहे, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग लावलेली असते आणि आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावर थांबावं लागतं. काकांना जाहिरात नकोय म्हणून नाव टाकत नाही, पण त्या रोडला कोणत्याही रिक्षावाल्याला "दीपनगरवाल्या काकांचं बॅटरीचं दुकान" म्हटलं की आणून सोडतो.

मी यावल तालुक्यातला, आधी जळगाव एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, मे 2023 पासून लुसाकाला प्लास्टिक पाईपच्या कारखान्यात आहे. लुसाका म्हणजे झांबियाची राजधानी. गेलो तेव्हा विजेचं कौतुकच वाटलं. घरात प्रीपेड मीटर, मोबाईलवरून पैसे भरले की 20 आकडी टोकन येतं, ते मीटरच्या बटणांवर दाबलं की युनिट जमा, बिलाची भानगड नाही, रीडिंगवाल्याची वाट बघणं नाही. आपल्यासारखंच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, फक्त प्लग चौकोनी पिनांचा ब्रिटिश. शहरातली बरीच घरं स्वयंपाकसुद्धा विजेच्या शेगडीवर करतात, मी कळण्याची भाकरी त्याच शेगडीवर टाकायचो, पीठ घरून नेलेलं.

मग 2024 उजाडलं. पाऊस झालाच नाही, मका शेतात उभा जळाला, आणि 29 फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष हाकाइंदे हिचिलेमा यांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. मार्चपासून रोज आठ तास लोडशेडिंग सुरू झालं. मी म्हटलं आठ तासांचं काय, आपण खान्देशातली माणसं, लहानपणी याच्याहून जास्त बघितलंय, दहावीचा अभ्यास चिमणीवर केलाय. लुसाकातल्या एका दुकानातून दीड केव्हीएचा इन्व्हर्टर आणि 150 एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती साठतं त्याचं माप) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या घेतल्या, दुकानदार म्हणाला सहा-सात तास आरामात चालेल, आणि पहिले दोन महिने खरंच चालला.

पण तिथली अडचण अशी की वीज जवळपास सगळी पाण्यावर. म्हणजे आपल्याकडे कोयनेत पाणी कमी झालं तर भुसावळजवळचं दीपनगर आहे, चंद्रपूर आहे, दोन्ही कोळशाची केंद्रं, साक्रीकडच्या पवनचक्क्या आहेत, बाहेरच्या राज्यातून लाईन येते, एक कमी पडलं तर दुसरं हात देतं. झांबियात दुष्काळाआधी एकूण क्षमतेपैकी पाच हिश्शातले चार हिस्से आणि वर थोडं, एवढी जलविद्युत होती. आणि तीही मुख्यतः दोन नद्यांवर, झांबेझी आणि काफुए, त्यातही काफुए जाऊन शेवटी झांबेझीलाच मिळते. करिबा नॉर्थ बँक 1,080 मेगावॅट, काफुए गॉर्ज 990, त्याच्या खाली नवीन काफुए गॉर्ज लोअर 750. आकडे बघून छाती फुगते. पण ढग एकाच आभाळातले ना, एक पावसाळा गेला की सगळी स्टेशनं एकदमच आजारी पडतात.

ऑक्टोबर 2024 मध्ये कंपनीच्या गाडीने सियावोंगाला गेलो होतो, करिबा धरणाच्या झांबियाकडच्या काठावरचं गाव, लुसाकापासून साधारण 200 किलोमीटर. 1955 ते 1959 मध्ये बांधलेली भिंत, 128 मीटर उंच, कमानीसारखी वाकलेली, त्या भिंतीवरूनच रस्ता जातो, इकडे झांबिया तिकडे झिम्बाब्वे, दोन्ही देशांचं एकेक वीजकेंद्र त्याच पाण्यावर. मागचा तलाव 280 किलोमीटर लांब आहे. साठवणुकीत जगातला सगळ्यात मोठा मानवनिर्मित तलाव हाच. आणि त्या तलावाच्या काठच्या खडकांवर मी स्वतः बघितला तो पांढरा पट्टा, जिथपर्यंत एकेकाळी पाणी असायचं तिथपासून खाली आत्ताच्या पाण्यापर्यंत, चुना मारल्यासारखा. माणसं त्या पट्ट्याच्या खाली उतरून होड्या ओढत होती. वीज काढायला तलावाची पातळी समुद्रसपाटीपासून 475.5 मीटरच्या वर लागते आणि तलाव पूर्ण भरतो 488.5 ला, म्हणजे एवढ्या अवाढव्य तलावात वीजकेंद्राच्या उपयोगाचं पाणी फक्त वरच्या 13 मीटरातलं. तेच संपत आलं होतं. झांबियाच्या बाजूला सहा टर्बाईन आहेत त्यातलं एकच चालू होतं, नेहमीच्या दहावा हिस्सासुद्धा वीज निघत नव्हती. काठावर एक म्हातारबाबा न्यामिन्यामीच्या कोरीव काठ्या विकत होते. न्यामिन्यामी म्हणजे तिथल्या टोंगा लोकांचा नदीतला देव, अंग सापासारखं नि तोंड माशासारखं. धरणासाठी 57,000 टोंगा लोकांना घरदार सोडावं लागलं, आणि बांधकाम चालू असताना 1957 आणि 1958 असे लागोपाठ दोन मोठे पूर आले ते या देवाच्या रागाने असं तिथले लोक मानतात. मी एक काठी घेतली, ती आता आमच्या घरी देवघराशेजारी उभी आहे, आई तिलाही हळदकुंकू लावते.

तर सप्टेंबर-ऑक्टोबरात लुसाकात दिवसाला तीन तास वीज, एकवीस तास अंधार. मीटरमध्ये युनिट पडलेले, पण लाईन नाही. कधी रात्री दीडला यायची, तेव्हा अख्खी गल्ली उठून कपडे धुवायची, इस्त्री करायची, पाणी भरायची. बाकी वेळ म्बाउला, म्हणजे त्यांची कोळशाची शेगडी, आणि कोळसा महिन्यागणिक महाग. आमच्या शेजारच्या न्हाव्याने ट्रिमर चालवायला गाडीची बॅटरी आणून ठेवली होती. आणि माझा इन्व्हर्टर? आधी सहा तास चालायचा, मग दोन, मग अर्धा तास, ऑक्टोबरअखेर बॅटऱ्या फुगल्या आणि नोव्हेंबरात एका रात्री लाईन आली ती झटका देऊनच, बोर्डातून धूर निघाला. जिथून घेतला होता त्यांनी बघितलाच नाही, "बोर्ड डेड, नवीन घ्या" एवढंच सांगितलं.

डिसेंबरात सुट्टीवर घरी आलो तेव्हा तो बोर्ड टॉवेलात गुंडाळून बॅगेत आणला होता. माझा प्लॅन पक्का होता, भुसावळातून 200 एएचच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या घ्यायच्या, कंपनीचा कंटेनर दार-ए-सलाम बंदरावरून लुसाकाला येतोच, त्यात टाकायच्या. सत्तर-ऐंशी हजाराची खरेदी. दोन दुकानांत फिरलो, दोघांनीही लगेच कॅल्क्युलेटर काढला आणि भाव सांगितला. तिसरं दुकान काकांचं.

काकांनी भाव सांगितलाच नाही. आधी स्टूल पुढे केलं, चहा मागवला आणि विचारलं,

"लाईन किती तास येते रे तुह्याकडे?"

मी म्हटलं, "काका, एकवीस तास जाते."

"जाते किती ते नको सांगू मले. येते किती?"

"तीन तास."

त्यावर काका काही बोललेच नाहीत थोडा वेळ. मग एक जुनी लग्नपत्रिका उलटी केली आणि तिच्या मागे पेनने हिशोब मांडला. तुझा इन्व्हर्टर बॅटरीला 15 अँपिअरने चार्ज करतो. तीन तास लाईन म्हणजे 45 एएच, त्यातलंही थोडं उष्णतेत जाणार, म्हणजे हाती आले 40 च्या आतबाहेर. बॅटरी 150 ची असो नाहीतर 200 ची असो, एक लाव नाहीतर चार लाव, आत जाणार तेवढंच. भरलीच नाही तर देणार कुठून. "अरे हौद केवढा बांधला त्याचं काय घेऊन बसला, मोटर किती तास चालते नि पाईप किती इंची ते पाह्य ना." आमच्या केळीला रात्रीची थ्री फेज आली की हौद भरून घेतात, ते सगळं आठवलं आणि मला एकदम उजेड पडला. आपल्याकडे इन्व्हर्टर चालतो कारण लाईन दोन-तीन तास जाते आणि वीस तास राहते, बॅटरी निवांत पोटभर जेवते. तिकडे ती बिचारी रोज अर्धपोटी. आणि लेड अ‍ॅसिडची बॅटरी अशी महिनोन्‌महिने अर्धवट भरलेली राहिली की आतल्या प्लेटांवर पांढरा थर धरतो, सल्फेशन म्हणतात त्याला, मग ती कितीही चार्ज करा, धरतच नाही. काकांनी कोपऱ्यातली एक मेलेली बॅटरी फोडून ठेवलेली होती, तिची प्लेट चिमट्याने काढून माझ्या हातात दिली, राखाडी प्लेटवर पांढरी खडबडीत बुरशी आल्यासारखं, नखाने खरवडलं तर निघत नव्हतं. मला करिबाच्या खडकांवरचा पट्टाच दिसला त्यात.

मग त्यांनी दुसरी बॅटरी दाखवली, चांगली, हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी, घालून काचेतला तरंगणारा काटा कुठे आहे ते वाचायला लावलं. मी इतकी वर्षं इलेक्ट्रिकलमध्ये आहे पण बॅटरी अशी कोणी समोर बसवून शिकवली नव्हती.

आणि मग जे केलं त्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय. ते म्हणाले, ह्या चार बॅटऱ्या मी तुला विकत नाही. सहा-आठ महिन्यांत मरतील आणि तू परक्या मुलुखात शिव्या देशील. तुला लिथियम पाहिजे, एलएफपीवाली (लिथियम आयर्न फॉस्फेटची), कारण ती 50 अँपिअरने दोन-अडीच तासांत भरते आणि अर्धवट राहिली तरी तिला काही होत नाही. सोबत हायब्रिड इन्व्हर्टर पाहिजे आणि वर पॅनल पाहिजेत, म्हणजे लाईन आली तर लाईनवर, नाहीतर उन्हावर. आणि हे सगळं तिकडेच घे, लिथियम तुला विमानात कोणी नेऊ देणार नाही, कंटेनरमध्ये घालायची तर तिचे वेगळे कागद लागतात, आणि बिघडली तर तू भुसावळला घेऊन येणार आहेस का. सत्तर-ऐंशी हजाराचं गिऱ्हाईक दुकानदाराने स्वतःच्या तोंडाने परत पाठवलं. मी उठायला लागलो तर म्हणाले बस, लोड कमी केल्याशिवाय काहीच पुरणार नाही, आणि घरातली एकेक वस्तू विचारून तिच्यापुढे वॅट लिहिले. चार पंखे 75 वॅटचे म्हणजे 300. त्याऐवजी 28 वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले तर चारही मिळून 112. फ्रीज रात्री बंद ठेव, दुपारी उन्हात पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठव आणि संध्याकाळी खालच्या कप्प्यात ठेव. इस्त्री आणि गिझर बॅटरीवर कधीच नाही, म्हणजे नाहीच.

पंखे तेवढे त्यांच्याकडून घेतले, 2,800 ला एक, बाजारभावच होता, ते कंटेनरमध्ये नीट पोचले. आणि तो जळालेला बोर्ड ठेवून घेतला. पाचव्या दिवशी फोन आला. गेलो तर बोर्ड टेबलावर चालू, त्यावर 100 चा बल्ब लावून ठेवलेला. सहा मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे बोर्डावरचे छोटे भाग, गेले होते, एक ट्रॅक जळाला होता तिथे तांब्याची तार टाकून जोडलं होतं, सोल्डरिंग इतकं साफ की कंपनीचं वाटावं. जुने मॉस्फेट प्लास्टिकच्या पुडीत घालून परत दिले, म्हणजे बदलले हे मला दिसावं. घेतले 1,400 रुपये. तो इन्व्हर्टर मी आता झांबियातल्याच एन्डोला शहरात असलेल्या अमळनेरच्या एका पोराला दिलाय, त्याच्या भागात लाईन जरा जास्त वेळ राहते, तिथे तो चालतो, अजून चालू आहे.

काका दीपनगरला नोकरीला होते हे नंतर बोलता बोलता कळलं, रिटायर होऊन दुकान टाकलं. त्यामुळे करिबाचं नाव काढल्यावर त्यांनी मला सोडलंच नाही. दरवाजे किती? मी म्हटलं सहा. ते म्हणाले आपल्या हतनूर धरणाला 41. भिंत कोणाची? फ्रेंच इंजिनिअर आंद्रे कॉइन यांचं डिझाईन, बांधली इटालियन कंपनीने, 86 माणसं गेली त्या कामात. ह्यावर ते शांत झाले आणि हात जोडले. मग कोळशाचं विचारलं. मी सांगितलं मांबाला एकच मोठं कोळशाचं केंद्र आहे, 150 चे दोन संच, 300 मेगावॅट, आणि त्यात मोठा हिस्सा हैदराबादच्या नवा कंपनीचा आहे, आणि इतेझी-तेझीचं 120 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र टाटांनी तिथल्या सरकारी कंपनीसोबत केलंय. काकांना फार बरं वाटलं. "मंजे सगळ्या देशाचा कोळसा आपल्या 500 च्या एका संचाएवढाबी नाही," म्हणाले, "मंग पाणी गेल्यावर करतील काय बिचारे." आणि तांब्याच्या खाणी देशातली निम्म्याच्या आसपास वीज घेतात हे सांगितलं तेव्हा म्हणाले, खाण बंद पडली तर पगार बंद, आणि घरात लाईन नसली तर पोरं अंधारात, दोन्हीकडून मरण सामान्य माणसाचंच.

मला इथे एक सांगावंसं वाटतं. आपल्याकडे लोक आफ्रिका म्हटलं की "तिकडे काय, वीजच नसते" असं म्हणून मोकळे होतात. त्या लोकांनी धरणं बांधलीत, टर्बाईन चालवतात, माझ्यासोबतचे झांबियन इलेक्ट्रिशियन कामाला कुठेच कमी नाहीत. अर्ध्या लोकसंख्येपर्यंत तारा अजून पोचल्या नाहीत हे खरं, खेड्यात तर फारच कमी. पण 2024 ला अंधार झाला तो पाऊस दगा देऊन गेला म्हणून, माणसं आळशी म्हणून नाही. आणि ते बसूनही राहिले नाहीत, जून 2025 मध्ये लुसाकाच्या उत्तरेला चिसांबाला 100 मेगावॅटचं सोलर केंद्र चालू झालं, मांबालाही आणखी 300 मेगावॅटचं काम काढलंय.

आता माझी सिस्टीम. जानेवारी 2025 ला परत गेल्यावर काकांच्या लग्नपत्रिकेवरच्या हिशोबाप्रमाणे लुसाकातूनच 5 किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर, 5 युनिटची लिथियम आणि 550 वॅटचे सहा पॅनल घेतले. बसवताना दोनदा काकांना व्हिडिओ कॉल केला, एकदा अर्थिंग चुकत होतं ते त्यांनी कॅमेऱ्यातून ओळखलं आणि काम थांबवायला लावलं, मुकाट्याने ऐकलं, दुसऱ्या दिवशी नवीन रॉड ठोकला. तेव्हापासून एकही रात्र अंधारात गेली नाही. सकाळी सहाला बघतो तर बॅटरी अजून निम्मी असते. पंखे रात्रभर, वायफाय, टीव्ही, चार दिवे. पावसाळी आठवड्यात, म्हणजे तिकडच्या जानेवारी-फेब्रुवारीत, दोन-तीन दिवस ढग राहिले तर टीव्ही बंद ठेवतो, एवढंच.

दुकानाच्या उण्या बाजूही लिहितो. काका हळू काम करतात, "उद्या ये" चा अर्थ तीन दिवस असा धरायचा. पक्कं बिल मागितलं तरच मिळतं, मागा. दुपारी एक ते चार शटर खाली, उन्हाळ्यात तर पाचपर्यंत, आणि मे महिन्यात त्या पत्र्याखाली उभं राहणं अवघड आहे. घरी येऊन बसवून देत नाहीत, वायरमन आपला आपण बघायचा. आणि घाई असणाऱ्यांनी जाऊच नये, कारण ते आधी तुमच्या घरात लाईन किती तास येते, कोणती वस्तू किती वेळ चालते, हे सगळं विचारणार, पाऊण तास जाणारच. जाताना इन्व्हर्टरच्या मागच्या स्टिकरचा फोटो, बॅटरीचं वॉरंटी कार्ड आणि घरातल्या पंख्या-फ्रीजचे वॅट लिहून न्या, वेळ वाचेल. नायजेरिया, झांबिया, टांझानियाला जाणारी आपली पोरं असतील त्यांनी तर तिकडे काहीही घ्यायच्या आधी एकदा इथे बसून यावं.

दर सोमवारी सकाळी माझ्या फोनवर काकांचा मेसेज येतो. करिबाची पातळी तिथलं नदी प्राधिकरण जाहीर करतं, ती मी त्यांना पाठवतो आणि ते मला हतनूरची. कालचा मेसेज तेवढाच होता, "पानी कितीक आलं?"